शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही

४ ऑगस्ट

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही "हं", "बरं" आणि "ठेवू का" यांच्या पलीकडे जात नाही, म्हणून पत्र. पत्राला "ठेवू का" म्हणता येत नाही. आई मोठ्याने वाचेल. ती वाचत असताना कृपा करून रेडिओ लावू नका. मागच्या पत्राच्या वेळी तुम्ही बातम्या लावल्या होत्या, हे मला कळलं आहे.

तर, पहिला तास झाला!

कॉलेजच्या आरोग्य केंद्राच्या मागे एक लांबट खोली आहे. एका भिंतीला वजनकाटा, समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, मध्ये डुगडुगणारी बाकं. दारावर माझी पाटी लागली आहे: "आरोग्य शिक्षिका (तात्पुरती)". कंसातला शब्द बाहेरच्या शब्दांपेक्षा मोठ्या अक्षरात आहे, पण पाटी ती पाटीच. आपल्या घरात दारावर पाटी लागलेली मी पहिलीच.

फळ्यावर विषय लिहिला: मित्राने जास्त घेतली तर काय कराल? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "तर आम्हाला कमी उरेल!" सगळी खोली हसली. ज्याने हे उत्तर दिलं त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. मीही हसले. मग त्यालाच पुढे बोलावलं आणि म्हटलं, दाखव बघू, जास्त झालेला माणूस कसा असतो? तो झुलला, अडखळला, वजनकाट्याशी भांडला, तक्त्याला नमस्कार केला. हसून हसून पोरांचे हाल.

मग विचारलं, आता याचं काय कराल? उत्तरं फटाफट आली. काळी कॉफी पाजू. गार पाण्याची बादली ओतू. लिंबू चोखायला देऊ. जिन्यावरून वरखाली पळवू. आणि सगळ्यात जास्त जणांनी दिलेलं उत्तर, "झोपू देऊ. उतरते आपोआप."

ते वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यावर काट मारली. सांगितलं की ग्लास खाली ठेवल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच राहते, त्यामुळे "झोपलेला" मित्र अजून वाईट होत असू शकतो. कॉफी त्याला शुद्धीवर आणत नाही, उलट घशात अडकू शकते. हाक मारून, खांदा दाबूनही उठला नाही, श्वास संथ किंवा तुटक झाला, अंग गार पडलं, ओठ निळसर दिसले, तर तो झोपलेला नाही. अशा वेळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, त्याला कुशीवर वळवायचं म्हणजे उलटी झाली तरी गुदमरणार नाही, आणि ती येईपर्यंत तिथून हलायचं नाही. एवढंच. पण भोंग्याला कुशीवर वळवायला गेलो तर त्याला गुदगुल्या होतात. बेशुद्ध माणूस खिदळायला लागला आणि तास संपला.

आपल्या घरात हा विषय निघत नाही हे मला माहीत आहे. मीही काढत नाही. फक्त शिकवते.

तुम्ही "दारुड्यांची शाळा" म्हणालात, तेही लक्षात आहे. प्राचार्यांनी एक सत्र दिलंय. सत्राअखेर ते ठरवतील की हा तास ठेवायचा की नाही. ठेवला नाही तर मी मुकाट्याने येईन आणि बंदराच्या कार्यालयातल्या त्या खुर्चीवर बसेन, जी तुम्ही साहेबांना सांगून माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. शब्द म्हणजे शब्द.

क्रेनवर चढताना गुडघ्याला पट्टा बांधत जा.

तुमची,
मास्तरीण


१९ ऑगस्ट

प्रिय बाबा,

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. "तब्येत ठीक. पट्टा हरवला." नवीन पट्टा पाठवते आहे.

इकडे मोठीच गंमत झाली. मला बेशुद्ध पडणारं माणूस मिळालं!

एका फिरत्या नाटक कंपनीतल्या बाई आहेत. कंपनीचा मुक्काम सध्या आमच्या गावात आहे. त्यांनी आयुष्यभर विनोदी भूमिका केल्या, त्यातही दारुड्याच्या भूमिकेसाठी त्यांचं नाव आहे. बाईने पुरुष दारुडा करायचा आणि लोकांनी खुर्चीवरून पडायचं. स्वतः त्या चहाशिवाय काही पीत नाहीत. मी विचारलं, पोरांसाठी याल का? त्या म्हणाल्या, "बाबा कसे आहेत तुझे?" म्हणजे, "घरचे कसे आहेत?" असं विचारलं. सगळेच विचारतात तसं. आणि मग "येते" म्हणाल्या.

त्या खोलीत आल्या आणि काही न सांगता झुलायला लागल्या. बाबा, भोंगा म्हणजे त्यांच्यापुढे अगदीच कच्चा. एक पाऊल टाकायचं की नाही यावर त्या पायाशी वाद घालतात. टोपी पडली, ती उचलायला गेल्या तर जमीनच वर आली. पोरं बाकं बडवत होती. मग त्या भिंतीला टेकून बसल्या. अजून हशा. मग हळूहळू घसरत आडव्या झाल्या. अजून हशा. आणि मग त्यांनी काहीच केलं नाही.

हशा एकदम थांबला नाही. एकेक जण थांबत गेला. शेवटी भोंगा एकटाच हसत होता, मग त्यालाही स्वतःचा आवाज ऐकू आला. त्याने जाऊन त्यांच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. पापणीसुद्धा हलली नाही. मी शिट्टी वाजवली तेव्हा त्या उठल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "स्टेजवरचा दारुडा हलतो म्हणून तुम्ही हसता. जो हलत नाही, त्याचं तिकीट कोणी काढत नाही. पण घाबरायचं असतं ते त्यालाच."

भोंग्याने विचारलं, "मॅडम, गुदगुल्या नाही झाल्या?"

"झाल्या की. पण पडदा पडल्याशिवाय मी उठत नाही."

तेव्हापासून आमच्या खोलीत माझी शिट्टी म्हणजे पडदा.

पुढच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसते. कधी हात वर करत नाही, काही विचारलं की डोळ्यांच्या तक्त्याकडे बघत राहते. ती त्या दिवशी सगळे गेल्यावर मागे राहिली आणि म्हणाली, "बाई, मला परत एकदा कुशीवर वळवून बघायचंय." मॅडम पुन्हा आडव्या झाल्या. चहा थंड झाला तरी कुरकुरल्या नाहीत. त्या बशीत ओतून पितात. दोन्ही हातांनी बशी धरून, डोळे मिटून.

तुमची,
मास्तरीण


६ सप्टेंबर

प्रिय बाबा,

तुमच्या पत्रात या वेळी एकच ओळ होती. "त्या बाईंचं नाव काय?"

नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. इथे सगळे त्यांना मॅडमच म्हणतात.

खोली आता भरते. मुलं खिडकीतही बसतात. कुशीवर वळवायला सगळ्यांना येतं: लांबचा गुडघा दुमडून उभा करायचा, लांबचा हात गालाखाली आणायचा, गुडघा धरून आपल्याकडे ओढायचं, डोकं जरा मागे म्हणजे श्वासाला वाट मोकळी. मॅडम खालून सूचना देतात, "अंबाडा सांभाळा, बाळांनो, तो खरा नाही."

अडचण वेगळीच आहे. त्यांना सगळं येतं, पण ते फोन करणार नाहीत. हॉस्टेलचा नियम असा की जो प्यायलेला सापडेल तो बाहेर, आणि सोबतचेही बाहेर. त्यामुळे काही झालं की पोरं दार लावून घेतात आणि देवाचं नाव घेत बसतात. मी प्राचार्यांना म्हटलं, सर, नियम करा की जो मदत मागवेल त्याला शिक्षा नाही, आणि ज्याच्यासाठी मागवली त्यालाही नाही. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "नियम बदलला तर मला वर उत्तर द्यावं लागेल. आधी दाखवा की ही मुलं खरंच फोन करतील. तुमच्या तासात नव्हे. बाहेर. मग नियमही बदलू आणि तासही ठेवू."

म्हणजे आता सगळं एका फोनवर आलंय.

आईला सांगा, तिने पाठवलेल्या शालीचा मॅडमना, म्हणजे मला, फार उपयोग होतो.

तुमची,
मास्तरीण


२८ सप्टेंबर

प्रिय बाबा,

आई, इथे जरा थांब. रेडिओ चालू असेल तर बंद कर. मग पुढे वाच.

बाबा, त्या बाई म्हणजे आत्या आहे.

तुम्हाला कळलंच असेल. बशीवरूनच कळलं असेल. तरी मी सांगायला हवं, कारण तुम्ही नाव विचारलंत आणि मी तुम्हाला खोटं लिहिलं. मला खोटं लिहिता येत नाही हे तेवढ्यात सिद्ध झालं. पत्ता आईने दिला. तिच्यावर रागावू नका, किंवा आम्हा दोघींवर मिळून रागवा, म्हणजे वाटून जाईल.

मला एवढंच माहीत होतं की तुम्ही आत्याचं नाटक बघायला गेला होतात, पहिल्या रांगेत बसला होतात, मध्यंतरात उठून आलात आणि त्यानंतर तिच्याशी बोलला नाहीत. तुम्ही म्हणाला होतात, "बापाची टिंगल करून टाळ्या घेते." मी लहान होते, आई तुम्हाला पाणी देत होती, एवढं आठवतं.

तिच्या पहिल्या तासानंतर मी तिला विचारलं. खोटं कशाला बोलू, रागानेच विचारलं. ती वजनकाट्यावर उभी होती, उतरली नाही. काट्याकडे बघत बोलली. तिचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते.

"आमचे वडील झुलत घरी यायचे ना, तेव्हा सगळी गल्ली हसायची. मी आणि तुझा बाबा दाराआड उभे राहून ऐकायचो. तो कान झाकायचा. मी झाकत नव्हते. मला वाटायचं, हे हसणं एक दिवस माझ्या हुकमात आलं पाहिजे. स्टेजवर आलं. मी म्हणेन तेव्हा हसतात, मी म्हणेन तेव्हा गप्प. तुझ्या बाबाला वाटलं, मीही जाऊन त्या गल्लीत उभी राहिले."

मग तिने आजोबा गेले त्या दिवसाचं सांगितलं. कुणाच्या तरी घरी समारंभ होता. भर दुपारी आजोबांना आतल्या खोलीत नेऊन उताणं झोपवलं, आणि थोरली माणसं म्हणाली, झोपू दे, उतरेल. तुम्ही दोघं दाराशी बसला होतात. तुम्ही सारखे आत डोकावत होतात, म्हणून कोणीतरी दटावलं. बाबा, तुम्ही शाळेत होतात. तुम्हाला काय कळणार होतं? पण तुम्ही डोकावत होतात. तेच तर मी पोरांना शिकवते आहे, की डोकवा, आत जा, कुणी दटावलं तरी जा.

आत्या म्हणाली, "नाटकात मी हसवते आणि विंगेत निघून जाते. तो पुढचा प्रवेश मी कधीच केला नव्हता. तुझ्या खोलीत पहिल्यांदा केला." मग काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "हा काटा जास्त दाखवतो."

मी तुम्हाला काही करायला सांगत नाही. फक्त खोटं पुसून टाकते आहे.

तुमची,
मास्तरीण


१२ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

पत्र नाही. आई म्हणते तुम्ही ठीक आहात आणि रेडिओ मोठा करून ठेवला आहे.

बरं. मी लिहीत राहते.

आत्याने एक युक्ती काढली आणि प्राचार्य तयार झाले. पुढच्या शनिवारी कॉलेजचा क्रीडादिन आहे. मैदानाच्या कडेला खेळाच्या सामानाची खोली आहे, तिथल्या गाद्यांवर आत्या दुपारी पडून राहणार. शेजारी रिकामी बाटली, शालीवर थोडी दारू शिंपडलेली. कुणालाही सांगायचं नाही. मी आणि प्राचार्य समोरच्या शिक्षककक्षाच्या खिडकीतून बघणार. कोणी फोन कानाला लावला की मी शिट्टी वाजवणार, आत्या उठणार, सगळे हसणार, आणि प्राचार्यांचं समाधान होणार.

मी म्हटलं, पण पोरं तुला ओळखतात, आत्या. त्यांना वाटेल तालीमच आहे.

ती म्हणाली, "तेच तर बघायचंय."

मला झोप लागत नाही. त्यांनी हसून दार ओढून घेतलं तर? मग मी तुमच्या त्या खुर्चीवर असेन आणि हॉस्टेलमध्ये कोणाची तरी सकाळ उजाडणार नाही. खुर्ची वाईट नाही, बाबा. पण माझी पाटी इथे आहे.

तुमची,
मास्तरीण


१९ ऑक्टोबर, रविवार
बसस्थानक, सकाळ

प्रिय बाबा,

हे पत्र टपालात पडणार नाही. तुम्ही बसमधून उतरलात की हातात देईन. आधी वाचा, मग बोला. रागवायचं असेल तर त्यानंतर.

बाकावर माझ्या शेजारी आत्या आहे. तिने तीनदा अंबाडा घातला आणि तीनदा सोडला. आता विचारते आहे, "त्याला चहात अजून साखर कमीच लागते का?"

काल काय झालं ते क्रमाने लिहिते. खोलीत काय बोलणं झालं ते मला आत्याने सांगितलं, कारण ती डोळे मिटून सगळं ऐकत होती.

रिलेची शर्यत सुरू व्हायची होती. भोंगा बॅटन घ्यायला सामानाच्या खोलीत आला, मागोमाग चष्मेवाली आणि तिच्या दोन मैत्रिणी. आत्याला बघून भोंगा म्हणाला, "अरे वा, मॅडम! आज सुट्टीच्या दिवशी पण तालीम? उठा, गादीखाली बॅटन आहेत." तळव्याला गुदगुल्या केल्या. काही नाही. "बघा, याला म्हणतात कलाकार!" आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींनीही वाजवल्या.

चष्मेवालीने वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "वास येतोय."

"शिंपडली असेल. नाटकवाले आहेत ते."

"आणि प्यायल्या असतील तर?"

"अगं, मॅडम चहाशिवाय काही घेत नाहीत! तू फोन करशील, त्या उठून हसतील, आणि मग वर्षभर सगळं कॉलेज तुला चिडवेल."

"नाटक असलं तर चिडवतील," ती म्हणाली. "नसलं तर?"

आत्या म्हणते, तेवढ्यात तिच्या नाकाखाली एक गार बोट आलं. खांदा दाबला गेला, कानाशी हाक आली, "मॅडम! मॅडम, डोळे उघडा!" आणि मग, बाबा, जी मुलगी तासाला तक्त्याकडे बघत बसायची, तिने हुकूम सोडायला सुरुवात केली. "तू गुडघा धर. तू श्वास मोज. मी फोन लावते. भोंग्या, गेटवर क्रीडादिनाची अ‍ॅम्ब्युलन्स उभी आहे, पळ!"

देवाने त्या पोराला असा आवाज का दिला, ते काल सगळ्या मैदानाला कळलं.

मी खिडकीतून बघत होते. तिने फोन कानाला लावला आणि मी जीव खाऊन शिट्टी वाजवली. आता मला सांगा, पंच, खेळाडू, स्वयंसेवक, ज्याच्यात्याच्या तोंडात शिट्टी असताना मी खूण म्हणून शिट्टीच ठरवली, यावर काय बोलायचं? कोणी वर बघितलंसुद्धा नाही. उलट रिलेतली दोन मुलं शर्यत सुरू झाली समजून पळत सुटली. मी जिना उतरून धावले, तर पंचांनी अडवलं, "ओ बाई, ट्रॅकवरून बाजूला व्हा!" माझ्या मागून प्राचार्य येत होते, त्यांनाही बाजूला व्हायला लागलं. आम्ही पलीकडे पोचेपर्यंत आत्या स्ट्रेचरवर होती. माझ्या समोरून नेताना तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला.

नंतर मी विचारलं, शिट्टी ऐकू आली नाही का?

"आली. सकाळपासून येतच होत्या. पण खरं सांगू? ती पोर म्हणाली ना, 'नसलं तर?' तेव्हाच ठरवलं मी. ती एवढा धीर करत होती, मी उठून तिचं हसं करू? अशा वेळी पडदा पाडायचा नसतो."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकला तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, "चष्मेवाली कुठे आहे? तिला आधी काहीतरी खायला द्या." डॉक्टर मला जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. बोलल्या ते बरोबरच होतं. मी माफी मागितली, अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकाकांचीही मागितली. ते म्हणाले, "कॉलेजमधून बोलावणं आलं की पोरं दाराआडून सांगतात, इथे कोणी आजारी नाही, जा. आज एकाने माझ्या हाताला धरून ओढत नेलं. कान अजून वाजतायत." पुढच्या महिन्यात ते आमच्या खोलीत एक तास घेणार आहेत.

प्राचार्य बाहेरच्या बाकावर बसले होते. मी जाऊन उभी राहिले. वाटलं, संपलं सगळं.

"तुम्ही मला दाखवणार होतात की मुलं फोन करतील," ते म्हणाले.

"हो, सर."

"त्यांनी तर नाटक असेल असं वाटत असतानाही केला." मग चष्मा पुसत राहिले. "नियम सोमवारी फलकावर लागेल. फोन करणाऱ्याला शिक्षा नाही, ज्याच्यासाठी केला त्यालाही नाही. आणि तुमच्या पाटीवरचा तो कंस रंगाऱ्याला सांगून काढून घ्या. पुढच्या वेळी मात्र शिट्टी नको. घंटा आणा."

बाबा, तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या.

हे सगळं ऐकून मी नाचतच होते, तेवढ्यात चष्मेवाली आली. म्हणाली, "बाई, भोंगा गेटवर पळाला तेव्हा दारात उभी राहून मी मॅडमच्या घरीपण कळवलं. त्यांच्या फोनमध्ये 'घर' म्हणून नंबर होता, तोच लावला."

आत्याला घर कुठलं? ती वर्षभर कंपनीच्या गाडीत असते. मी नंबर बघितला. तुमचा होता.

तुम्ही काय बोललात ते चष्मेवालीने मला शब्दन्‌शब्द सांगितलं. तुम्हाला कदाचित आठवत नसेल, म्हणून लिहिते. तिने विचारलं, "तुम्ही मॅडमचे कोण?" तिला वाटलं फोन बंद पडला. मग तुम्ही म्हणालात, "भाऊ." आणि लगेच, "श्वास बघ आधी."

तिने सांगितलं, चालू आहे.

"उताणी ठेवू नका तिला. कुशीवर घ्या. लांबचा गुडघा दुमडा, हात गालाखाली, डोकं जरा मागे. अंग गार लागतंय का? शाल घाल. कॉफीबिफी काही पाजू नका. तिथून हलू नकोस. आणि 'झोपू दे' म्हणणारा कोणी आला तर त्याला हाकलून दे, वयाने मोठा असला तरी हाकलून दे. ऐकलंस का, पोरी? मी निघालो."

चष्मेवालीने मला विचारलं, "बाई, ते तुमच्या तासाला कधी बसले होते?"

मी तिला काय सांगणार? तुमचा रेडिओ चालू होता, बाबा. तुम्ही हे सगळं ऐकलंत कधी?

त्यानंतर मी तुम्हाला फोन केला. मागे बसचा खडखडाट ऐकू येत होता. मी एका दमात सांगितलं, आत्या ठणठणीत आहे, सगळं नाटक होतं, चुकून तुम्हाला फोन लागला, परत फिरा. तुम्ही म्हणालात, "हं."

मी म्हटलं, ऐकलंत ना? तिला काही झालेलं नाही.

"बरं."

मग आता उतरताय ना?

"तिकीट काढलंय," तुम्ही म्हणालात. "ठेवू का?"

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती जन्मात पहिल्यांदा संवाद विसरली.

आई म्हणते, तुम्ही घरातल्या चपलांवरच निघालात आणि गुडघ्याचा पट्टा मात्र बांधलात. चष्मेवालीने आणि भोंग्याने इथे यायचा हट्ट धरला होता, मी नको म्हटलं. भोंग्याने "बाबा आले" म्हटलं असतं तर बस उलटी फिरली असती.

आत्याने चौथ्यांदा अंबाडा घातला आहे. विचारते, "काय बोलू गं त्याच्याशी? तू पहिलं वाक्य लिहून दे, पुढचं मी बघते." मी म्हटलं, माझ्याकडे वाक्य नाही, शिट्टी आहे. ती म्हणाली, "मग ती वाजेपर्यंत मी इथून उठणारच नाही, आधीच सांगून ठेवते. आणि या वेळी हा अभिनय नाही."

बस आत वळली. माणसं उतरतायत. एक, पिशवीवाल्या आजी. एक, बाळ घेतलेला माणूस. दारात एक पट्टा बांधलेला गुडघा दिसतोय.

बाबा, शिट्टी माझ्या खिशातच आहे. मी वाजवलेली नाही. आत्या उठली.